नोटेतला धागा

"धागा कुठंय?" ताई दुकानात शिरली ती हे विचारतच.

दादा गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसला होता. रफूच्या दुकानात हा प्रश्न दिवसातून दहादा येतो, त्यामुळे मान वर न करता त्याने विचारलं, "कुठला? करडा का काळा?"

"नोटेतला. माझ्या नोटांमधला."

आता मात्र त्याने वर पाहिलं. सकाळी हीच बाई केस नीट विंचरून, पर्स छातीशी धरून बँकेत गेली होती. संध्याकाळी तिच्या खोलीचे कागद व्हायचे होते. नवरा गेल्यावर चार वर्षं माहेरच्या वरच्या मजल्यावर काढली, आता स्वतःचं दार आणि आतून लावायची स्वतःची कडी. खोलीवाल्याने बजावलं होतं, रोख हातात घेणार नाही, पैसे बँकेतूनच आले पाहिजेत आणि आजच आले पाहिजेत. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. म्हणून हजाराच्या नोटांचं पहिलं बंडल घेऊन ती गेली होती. सगळं एकदम घेऊन रस्त्याने जाऊ नकोस, हा सल्ला दादाचाच.

"कॅशियरने एक नोट उजेडाला धरली," ताई म्हणाली. "मग दुसरी धरली. मग उठून आत गेला. मला मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवलं, दार उघडं ठेवून. येणारा-जाणारा डोकावून जात होता. एकाही नोटेत धागा नाही म्हणे. बंडल ठेवून घेतलंय. बँक बंद व्हायच्या आत खुलासा करा, नाहीतर पोलिसांना कळवतो म्हणाला."

"पैसे कुठून आले ते सांगायचंस."

"सांगितलं ना. म्हटलं, माझ्या नवऱ्याचं छपाईचं यंत्र विकलं, त्याचे आहेत. ते ऐकल्यावर तर तो खुर्चीत सरळच बसला."

आवाज ऐकून वहिनी हात पुसत बाहेर आली. तिच्या मागून धाकटा आला. तो विमा कंपनीत कारकून होता, पण प्रत्येक वाक्याला 'मुद्दा असा की' लावायचा, म्हणून घरात त्याला वकीलच म्हणत. संध्याकाळी साक्षीदार म्हणून सही करायची होती, त्यासाठी त्याने रजा काढली होती आणि सकाळपासून ती सगळ्यांना ऐकवत होता.

"ओल्या बोटाने घासून बघितलीस का?" दादाने विचारलं. "खोटी असली की रंग सुटतो."

"कशावर तरी पेनाने लिहिलेलं असेल," वहिनी म्हणाली. "लिहिलेली मोठी नोट चालत नाही."

"चालते हो, वहिनी. मुद्दा असा की मोठ्या नोटा बंदच होणार आहेत, म्हणून बँका काहीतरी खुसपट काढून त्या घेत नाहीत. आमच्या ऑफिसात सगळे हेच म्हणतात."

या घरात मोठी नोट क्वचितच आली, पण तिच्याविषयीचं ज्ञान मात्र प्रत्येकाकडे भरपूर होतं. ताईने तिघांकडे पाहिलं आणि ती मधल्या खोलीत गेली.

आई पलंगावर बसून बटणं निवडत होती. मोठी एका बरणीत, बारीक दुसरीत. ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला होती. ताईने हात पुढे केला तशी तिने किल्ली काढून दिली आणि पुन्हा बटणांत लक्ष घातलं. कशाला हवी, हे विचारलंही नाही.

ट्रंकेतली उरलेली दोन बंडलं घेऊन ताई खिडकीशी गेली. काचेवर एक नोट टेकवली. जिथे चमकदार पट्टी दिसायला हवी, तिथे नुसती फिकट रेघ. दुसरी. तिसरी. मधली एक. शेवटची. मग तिने दोन्ही बंडलं दादाच्या समोरच्या मेजावर आपटली. टाचण्यांची डबी उलटली.

"ट्रंक या घरात. किल्ली या घरात. माझ्या नोटा बदलल्या कोणी?"

"माझ्याकडे बघून का विचारतेस?"

"मग कोणाकडे बघू? ठेव इथेच, घरच्यासारखी जागा नाही, असं म्हणणारा तूच ना?"

वकिलाने घसा साफ केला. एरवी दोघा भावांची ताईविरुद्ध एकजूट असे, पण साक्षीदार म्हणून बोलावलेल्या माणसाला आज आपण न्यायाधीश झाल्यासारखं वाटत होतं. "दादा, मुद्दा असा की हा एवढा महागाचा दिवा, ही भिंगं, हे सगळं तू मागच्या महिन्यात आणलंस. धंदा तर थंड आहे. पैसे आले कुठून?"

दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो तसा तोंडाळ माणूस. गिऱ्हाइकाशी भांडेल, पानवाल्याशी भांडेल. पण घरात कोणी चोर म्हटलं की काय म्हणायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. तो कोटाची बाही उगीच सरळ करत राहिला.

वहिनी पुढे आली. "माझी बांगडी गेली त्यात. झालं समाधान?"

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"वर्षभर गप्पच बसले. भिंगं काय हौसेने आणली? यांना सुईत दोरा ओवता येत नाही. डोळ्यांत पडदा आलाय. रोज सकाळी मी वीस सुया ओवून ठेवते आणि हे खिडकीत बसतात, गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. काम सगळं वन्संच्या टोपलीत जातं. आणि तुम्ही म्हणता यांनी नोटा बदलल्या. यांना हजाराची आणि शंभराची नोट हातात घेऊन सांगता येत नाही, रंगावरून अंदाज करतात."

ताईला वर्षभर वाटत होतं की दादा आळशी झालाय, बारीक काम मुद्दाम आपल्या गळ्यात टाकतो. त्यावरून तिने त्याला नको नको ते ऐकवलं होतं. आत्ता तिला त्याची दया यायला हवी होती, पण आला तो रागच. एवढी मोठी गोष्ट घरात होती आणि तिलाच सांगितली नव्हती. कामाला मात्र तीच हवी होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय, तू राहणार होतीस?" दादा म्हणाला.

ताईने एक नोट उचलली आणि सवयीने, कापड तपासतात तसं, बोटाच्या टोकाने कड चाचपली. बोट एका जागी अडलं. तिने दिवा ओढून भिंग धरलं.

कागदाची कड तिथे वाफेने मऊ केलेली होती. चिमट्याने धाग्याचं टोक पकडून तो हळूच ओढून घेतला होता, आणि उघडलेला ओठ पातळ खळ लावून मिटवला होता. इतका बेमालूम की ज्याने जन्मभर हेच काम केलं नाही त्याला दिसलंच नसतं.

"या नोटा खोट्या नाहीत," ती म्हणाली. "यांना रफू केलंय."

"काय बोलतेस?" वकील वाकून पाहू लागला.

"बदलल्या नाहीत. याच माझ्या नोटा. धागा काढून घेतलाय."

तिने भिंग आणखी जवळ नेलं. खळ बसवताना बोटाचा दाब उलट्या दिशेने गेला होता. दादा उजव्या हाताचा. तीही उजव्या हाताची. बाबाही होते. या दुकानात डाव्या हाताने काम करणारं एकच माणूस होतं.

ताईने भिंग खाली ठेवलं. मधल्या खोलीतून बरणीत बटण पडल्याचा आवाज आला.

"आई," तिने तिथूनच हाक मारली. "बाहेर ये."

आई आली. तिने मेजावरच्या नोटा पाहिल्या, दिवा पाहिला, सगळ्यांची तोंडं पाहिली. "हो, मीच काढले," ती म्हणाली. "फेकले नाहीत. डब्यात आहेत."

काढलेला धागा फेकायचा नाही, कधी ना कधी त्याच कापडाला लागतो, हा या घराचा नियम. तो आईने इथेही पाळला होता.

"का काढलेस?"

"हा म्हणाला होता ना." आईने हनुवटीने वकिलाकडे दाखवलं. "त्या धाग्यात यंत्र असतं. गाडी फिरते रस्त्याने. ज्या घरात मोठ्या नोटांची चळत असेल ते घर गाडीतल्यांना दिसतं. मग येतात आणि घेऊन जातात."

चार जोडी डोळे वकिलाकडे वळले. हो, तो म्हणाला होता. जेवताना मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवलं होतं, वर 'आमच्या साहेबांच्या मेहुण्याने ती गाडी प्रत्यक्ष पाहिली' असं पदरचंही घातलं होतं. त्याला तेव्हा सगळे ऐकताहेत याचीच गंमत वाटत होती. या घरात त्याचं कोणी ऐकतं असं सहसा होत नाही.

"मी गंमत म्हणून वाचलं," तो म्हणाला.

"तुझी गंमत," ताई म्हणाली. "उचलली जीभ लावली टाळ्याला. मागे म्हणे, नोटेच्या नंबरात अमुक आकडे असले तर लाख मिळतात. वहिनी दोन दिवस घरातल्या नोटा चाळत बसली. तुला कोणी काहीही पाठवावं आणि तू आणून आमच्या ताटात वाढावंस."

"अगं पण, खरं मानायचं का ते? शिकल्यासवरल्या माणसाला..." वकील थांबला. मग एकदम त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "थांबा. मुद्दा असा की हे चांगलंच झालं. बँकेचा नियम काय? मुद्दाम खराब केलेल्या नोटेचे पैसे मिळत नाहीत, हो ना? पण म्हातारं माणूस, अफवा ऐकली, घाबरली. यात मुद्दाम काही नाही. धागेही आहेत आपल्याकडे. आईला घेऊन जाऊ. ती सांगेल, मला वाटलं यंत्र असतं. कोण नाही म्हणेल?"

"बरोबर आहे," दादा म्हणाला. चोरीचा आळ उतरल्याने तो आता कशालाही तयार होता. "वय झालंय तिचं. समजत नाही तिला. कोणीही मान्य करेल."

"फक्त जास्त बोलू देऊ नका," वकील म्हणाला. "विचारतील तेवढंच. मी सगळं समजावून सांगेन. बिचारीला काय कळतंय."

आई उभीच होती. तिच्यासमोर, तिच्याविषयी, मोडक्या खुर्चीचं काय करायचं अशा आवाजात हे बोलणं चाललं होतं. बाबांना अक्षर वाचता येत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून दुकानाच्या पावत्या तिने लिहिल्या, गिऱ्हाइकांची पत्रं तिने लिहिली, दुकानाच्या जागेचा दावा लागला तेव्हा कोर्टातल्या खऱ्या वकिलाच्या कागदातली चूक तिने दाखवली होती. या दोन्ही पोरांना पाढे तिने शिकवले. आणि आता हा कालचा पोरगा म्हणत होता, बिचारीला काय कळतंय.

"मला अक्कल नाही?" ती म्हणाली.

"तसं नाही गं, आई."

"नखाएवढ्या पट्टीत यंत्र असतं, आणि ते भिंतीतून बोलतं, असं मला खरं वाटलं? तू वाचत होतास तेव्हाच मला हसू येत होतं. म्हटलं, एवढं शिकवून हा असा निघाला."

वकिलाचं तोंड उघडंच राहिलं. दादा म्हणाला, "मग काढलेस कशाला?"

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ताईकडे पाहत होती. "लपवल्या असत्या तर चोरी झाली असती. फाडायला हात झाला नाही. धागा काढला की नोट जागच्या जागी राहते, फक्त कुठे जाऊ शकत नाही. आणि कोणी विचारलंच, तर याने वाचलेली गोष्ट होतीच."

ताईला आधी ते नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने मेजाची कड धरली.

"मी खोली घेऊ नये म्हणून?"

"तू गेलीस की दुकान बसलं. याचे डोळे गेलेत हे मला याच्या बायकोच्या आधी कळलंय. माझा हात आता तासाभरात भरून येतो. आणि मी कोणाजवळ राहू? हा मोबाइल वाचून दाखवणार आणि ही ताट आपटून वाढणार."

"आपटते," वहिनी म्हणाली. "नाही कशाला म्हणू? राग येतो, आपटते. वन्सं माहेरी आल्या तेव्हाही मला राग आला होता, तोही मी तोंडावर दाखवला. पण केसाने गळा नाही कापला कोणाचा. आई, पोटच्या मुलीजवळ होतं नव्हतं ते तुम्ही एकेक नोट हातात घेऊन नासलंत. रोज दुपारी दार लावून बसत होतात ते हेच होतं. मला वाटायचं, झोपता."

चार वर्षांत वहिनीने ताईची बाजू कधी घेतली नव्हती. आज घेतली, आणि आपण घेतली याचाही तिला जरा रागच आला. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी तुझ्याच भल्यासाठी..." आई म्हणू लागली.

"ते नको," ताई म्हणाली. "तेवढं बोलू नकोस. तुझ्यासाठी केलंस, तसंच म्हण. मला ते चालेल."

आईने उलटलेली टाचण्यांची डबी सरळ केली.

"चपला घाल."

"कुठे?"

"बँकेत. वकिलाने सांगितलं तेच सांगायचं. मी अडाणी आहे, लोक म्हणाले यंत्र असतं, मला खरं वाटलं."

"मी नाही सांगणार. हवं तर खरं सांगते."

"खरं सांगितलंस तर माझा एक पैसा परत यायचा नाही. तुला हेच हवं असेल तर तसं सांग."

"परक्या माणसासमोर मला वेडी ठरवणार तू?"

"हो."

"आजवर मला कोणी अडाणी म्हटलेलं नाही."

"आज म्हणतील. मला सकाळपासून चोर म्हणताहेत, मी ऐकून घेतलंच ना? ती केबिन काचेची आहे, आई. आपली अर्धी गिऱ्हाइकं त्या बँकेत येतात." ताईचा आवाज चढला नाही. "आणि नीट ऐक. तू आली नाहीस तरी मी जाणार. पैसे बुडाले तरी जाणार. कोणाच्या जिन्याखाली राहीन. फरक इतकाच की मग या दुकानात मी पाय ठेवणार नाही. आलीस, तर रोज कामाला येईन. राहायला नाही. कामाला. याचे डोळे आहेत म्हणून, तुझ्यासाठी नाही."

दादाने मान खाली घातली. वकिलाने 'मुद्दा असा की' एवढं म्हटलं आणि वहिनीच्या नजरेने तिथेच थांबला.

आई आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात धाग्यांचा डबा होता आणि पायात चपला.

बँकेत मॅनेजरने पाहिल्यावर भुवया वर केल्या, पण खुर्च्या दिल्या. ताईने उरलेली दोन बंडलं मेजावर ठेवली, कड कुठे उघडली होती ते दाखवलं. आईने डबा उघडला. चंदेरी पट्ट्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शिस्तीत गुंडाळलेल्या होत्या. मॅनेजरने एक पट्टी सोडवून नोटेच्या रेघेवर धरली. त्याने कॅशियरला आत बोलावलं. दोघांनी आळीपाळीने भिंग लावलं.

"हे यांनी केलं? हाताने?"

"आईनेच," ताई म्हणाली. "तिला विचारा."

मॅनेजर आईकडे वळला आणि आवाज मोठा केला. तिला छान ऐकू येत होतं. "आजी, का काढला धागा?"

आईने पदराचं टोक मुठीत धरलं. "लोक म्हणाले, साहेब. आत यंत्र असतं. गाडी येते आणि घरातले पैसे घेऊन जाते. मला काय कळणार? मी घाबरले."

कॅशियर हसला. दाराशी उभी असलेली एक बाई हसली. मॅनेजरने मात्र हसू दाबलं, तो बरा माणूस होता. त्याने एक पट्टी बोटावर घेतली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की ही नुसती प्लास्टिकची पट्टी आहे, नोट खरी आहे हे कळावं म्हणून घालतात, हिला डोळे नाहीत, कान नाहीत. समजलं?

"हो साहेब," आई म्हणाली. "असं कोणी नीट सांगितलंच नाही."

ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. आई इतकं चांगलं करेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचाही तिला संताप येत होता.

नोटा वरच्या कार्यालयात जातील, मॅनेजर म्हणाला. थोडे दिवस लागतील, पण पैसे बुडणार नाहीत, मी स्वतः लिहून देतो. खोलीवाल्याचं खातं याच शाखेत होतं. मॅनेजरनेच त्याला फोन लावला, हमी दिली, आणि ताईकडे बघून मान डोलावली. खोलीवाला थांबायला तयार होता. खोली मिळाली होती.

"एक सांगू का?" फोन ठेवून तो हळू आवाजात म्हणाला. "राग मानू नका. या वयात माणूस कशावरही विश्वास ठेवतं. आजींना एकटं सोडू नका. तुमच्यासारखी मुलगी जवळ हवी."

आईने ताईकडे पाहिलं. या एका वाक्यासाठी ती उरलेला सगळा दिवस अडाणी व्हायला तयार होती.

"दोन मुलगे आहेत तिला," ताई म्हणाली.

मॅनेजरने मान हलवली आणि अर्ज पुढे सरकवला. त्यावर आईचं निवेदन लिहिलेलं होतं, मला अफवा खरी वाटली, वगैरे. आईने सवयीने मेजावरचं पेन उचललं. तेवढ्यात मॅनेजरने खणातून शाईची डबी काढून तिच्यासमोर ठेवली होती.

"आजींचा अंगठा लागेल इथे."

आईचा हात पेनासह तसाच राहिला. तिची सही अजून दुकानाच्या जुन्या पावत्यांवर होती, वळणदार, एकदाही खाडाखोड नसलेली. तिने पुन्हा ताईकडे पाहिलं. ताईने एक शब्द बोलायचा होता, तिला सही येते, एवढाच.

ताईने तिच्या बोटांतून पेन काढून घेतलं.

"कुठला लागतो?" तिने मॅनेजरला विचारलं. "डावा का उजवा?"

"डावा."

आईने हात पुढे केला.